पोझीकाकांची लंगडी कोंबडी

मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी वेंडेल स्टिल्टनरच्या लक्षात आलं की आपण पोझीकाका हेन्सलींना पुसून टाकलं आहे.

पोझीकाका तसे चाळीस वर्षांपूर्वीच गेले होते. पण त्यांच्या बँजोची एक कॅसेट मागे राहिली होती, साऱ्या जगात एकुलती एक, आणि ती या क्षणी वेंडेलच्या स्वयंपाकघरातल्या टेपरेकॉर्डरमध्ये होती. येत्या रविवारी पोझीकाकांच्या लेकीचा, ओपलमावशीचा, नव्वदावा वाढदिवस होता. चर्चच्या अंगणात जेवणावळ, आणि जेवणानंतर सगळ्या गावासमोर मावशीला तिच्या बापाचा बँजो ऐकवायचा, असं ठरलं होतं. आता त्या कॅसेटवर पोझीकाकांच्या जागी वेंडेल वाजत होता. तोही चुकत चुकत. आणि शेवटी चक्क त्याचा आवाज होता, "शी! पुन्हा माती खाल्ली!"

वेंडेलनं टेप पुढे नेली, मागे नेली, उलटी घातली. दुसऱ्या बाजूला नुसती खरखर. तो मटकन खुर्चीत बसला आणि म्हणाला, "नेड्रा, मी मेलो."

"बोलतोयस की अजून," बायको आतून म्हणाली.

गंमत म्हणजे, आणि वेंडेलला त्यात काडीची गंमत दिसत नव्हती, ही कॅसेट त्याच्याकडे दिली होती तीच तो सावध माणूस म्हणून. तीस वर्षं त्यानं शाळेच्या बसगाड्यांचे ब्रेक तपासले होते. घराबाहेर पडताना तो कुलूप तीनदा ओढून बघायचा आणि चौथ्यांदा बघायला वळणावरून परत यायचा. दर शनिवारी आगीच्या बंबाच्या शेडमध्ये जी बँजोवाली मंडळी जमायची, त्यांनी यंदा डोंगरातल्या जुन्या धुनी जमवून, शिकून, नीट रेकॉर्ड करून ठेवायच्या असं मनावर घेतलं होतं. ओपलमावशीकडून कॅसेट आणायची वेळ आली तेव्हा सगळ्यांनी एकमुखानं वेंडेलचं नाव घेतलं.

ग्रेडी रॅटलिफ, लाकडाच्या वखारीचा मालक, तेव्हा म्हणालाही होता, "आधी वाचनालयात नेऊन त्या कॉम्प्युटरवर हिची नक्कल उतरवून घेऊ या का?"

"आणि तिथल्या पोरीनं चुकून पुसली तर?" वेंडेल म्हणाला होता. "कॉम्प्युटरचा काय भरवसा!"

तर कॅसेट वेंडेलच्या घरी आली. सोमवारी त्यानं तिची काळजी घ्यायला सुरुवात केली. तिच्यावरचं जुनं लेबल सुटायला आलं होतं, ते हरवू नये म्हणून त्यानं अलगद काढून डबीत जपून ठेवलं. मग त्याला वाटलं, हिच्या पाठीवरचे प्लॅस्टिकचे दोन दात पाडून टाकावेत, म्हणजे चुकूनसुद्धा कुणी हिच्यावर रेकॉर्ड करू शकणार नाही. शेजारीच त्याची स्वतःची कोरी कॅसेट होती, आपलं वाजवणं पोझीकाकांशी ताडून बघण्यासाठी आणलेली. दोन्ही राखाडी, दोन्हींवर लेबल नाही. तेवढ्यात फोन वाजला. फोनवर ट्विला कँट्रेल होती, निवृत्त मास्तरीण, शनिवारच्या मंडळीची वही तिच्याकडे असायची.

"टेप सुखरूप आहे ना, वेंडेल?"

"तेच करतोय," वेंडेल म्हणाला, आणि परत येऊन त्यानं पेचकसानं टकटक दोन दात पाडले. कोऱ्या कॅसेटचे. दुसऱ्या दिवशी, जिचे दात शाबूत ती आपली, असं समजून त्यानं पोझीकाकांची कॅसेट यंत्रात घातली, दोन्ही बटणं दाबली आणि खुशाल वाजवत बसला.

नेड्रानं सगळं ऐकून घेतलं. मग ती हात पुसत म्हणाली, "म्हणजे तू काळजी घेतली नसतीस तर ती टेप वाचली असती."

"हे बोलायची ही वेळ आहे का?"

"मग काय करायचं? सरळ जा आणि मावशींना सांग. माणूसच आहे, चुकतो."

*

बुधवारी वेंडेल सांगायला गेला. सात मैलांची वाट, आणि सातही मैल तो गाडीत मोठ्यानं सराव करत होता. "मावशी, एक वाईट बातमी आहे." नको. "मावशी, तुम्ही आधी बसून घ्या." नव्वद वर्षांच्या बाईला असं म्हटलं तर ती तिथंच बसायची कायमची! घाटातल्या शेवटच्या वळणावर त्याला काही सुचलं होतं, पण दारात ओपलमावशी दिसल्यावर तेही गेलं.

ती काठीसारखी बारीक बाई होती. तिनं त्याला काही बोलूच दिलं नाही. स्वयंपाकघरात नेऊन बसवलं, पुढ्यात ताकाचा पेला ठेवला, त्यात मक्याचा पाव कुस्करला आणि चमचा त्याच्या हातात दिला. चुलीवर बीन्सचं मोठं भांडं रटरटत होतं.

"ऐकलीस का टेप?" तिनं विचारलं.

"ऐकली, मावशी. मी तेच सांगायला..."

"किती वेळा ऐकलीस?"

"एकदा. पण मावशी..."

"एकदाच ना?" मावशी ओट्याकडे वळून उगाचच फडकं फिरवायला लागली. "काही वेगळं वाटलं का तुला? म्हणजे वाजवण्यात?"

"वेगळं म्हणजे?"

"काही नाही रे. जुनी टेप. फार वेळा ऐकू नये, झिजते." भांडं उतू जायला लागलं तशी ती बोलता बोलता चुलीकडे गेली, झाकण उचललं, ढवळलं आणि टण् करून झाकण परत ठेवलं. त्या आवाजानं वेंडेल खुर्चीतच उडाला. कालपासून तो कशानंही उडत होता.

"लोकांपाशी बाबांचं तेवढंच राहिलंय," मावशी पाठमोरीच म्हणाली. "रविवारी सगळे ऐकणार म्हणतात. मला तर रात्र रात्र झोप नाही बघ. टेप नीट आहे ना, पोरा?"

वेंडेलनं तोंड उघडलं. समोरच्या भिंतीवर पोझीकाकांचा फोटो होता, मांडीवर बँजो, आणि ते थेट वेंडेलकडेच बघत होते.

"नीट आहे," वेंडेल म्हणाला. आणि घाईघाईनं उरलेलं ताक एका घोटात प्यायला.

घरी आल्यावर नेड्रानं विचारलं, "सांगितलंस?"

"ताक प्यायलो."

"म्हणजे नाही सांगितलंस."

"तिला झोप लागत नाहीये गं आनंदानं! तिला मी काय सांगू? की तुझ्या बापाच्या जागी आता मी शिव्या देतोय?"

तेवढ्यात पुन्हा ट्विलाचा फोन. तिनं कार्यक्रमपत्रिका छापून आणल्या होत्या. चर्चचा मोठा स्पीकर टेपरेकॉर्डरला जोडायची सोय केली होती. शेजारच्या दोन खोऱ्यांतले बँजोवालेही खास 'लंगडी कोंबडी' ऐकायला येणार होते. "आणि वेंडेल," ती म्हणाली, "या मुलुखात तुझ्याइतका विश्वासाचा माणूस नाही, असं मी प्रस्तावनेत म्हणणार आहे."

वेंडेलनं फोन ठेवला आणि तो पायरीवर जाऊन बसला. अर्ध्या तासानं आत आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता, पण निश्चय झाला होता.

"नेड्रा, मी पोझीकाका होणार."

*

'लंगडी कोंबडी' ही त्या डोंगरातली सगळ्यांत लाडकी धून. पन्नास वर्षांपूर्वी खालच्या गावातल्या रेडिओवाल्यानं पोझीकाकांकडे आठवडाभर आपलं यंत्र ठेवलं होतं, "मनात येईल तेव्हा बटण दाबा आणि वाजवा," असं सांगून. आठवड्यानं यंत्रातून ही एकच धून भरून आली. पुढे कित्येक वर्षं ती दर रविवारी सकाळी रेडिओवर लागायची. रेडिओ स्टेशन बंद पडलं तेव्हा कॅसेट ओपलमावशीकडे परत गेली. पण तोवर पंचक्रोशीतल्या प्रत्येक बँजोवाल्यानं ती कानांनी उचलली होती, आणि तिचा प्रत्येक आवाज लोकांना तोंडपाठ होता.

खरी अडचण तीच होती. धून वेंडेलला येत होती, पण लोकांना नुसती धून ठाऊक नव्हती. आधी खुर्ची कुरकुरायची. मग बँजो सुरू व्हायचा. दुसऱ्या भागात पोझीकाका अचानक दोन ठोके थांबायचे, टण् असा एक आवाज यायचा आणि बँजो पुन्हा सुरू. त्यानंतर कुत्रा दोनदा भुंकायचा. शेवटी जाळीचं दार आपटायचं.

त्या थांबण्याबद्दल ट्विलाच्या वहीत अकरा पानं होती. कोंबडी लंगडते ना, म्हणून पोझी तिथं थांबतो, असा तिचा सिद्धांत होता. आणि तो टण् म्हणजे पोझीनं अंगठी बँजोच्या कड्यावर मारलेली. तेव्हापासून सगळे शिकाऊ तिथं थांबायचे आणि अंगठी मारायचे. ग्रेडीची लग्नाची अंगठी वखारीच्या भुशात हरवली होती, तर त्यानं बोटात नळाचा वायसर घातला होता. जो थांबत नाही त्याला धून आलीच नाही, असं शनिवारच्या शेडमध्ये समजलं जायचं.

गुरुवारी सकाळी वेंडेलनं घरातल्या नऊ खुर्च्यांवर बसून पाहिलं. एकही कुरकुरेना, कारण प्रत्येकीला त्यानंच वेळच्या वेळी तेल आणि खिळे घातले होते. शेवटी एका धडक्या खुर्चीचे खिळे उपटून त्यानं ती मोडकळीला आणली. बँजोचा आवाज जुना वाटावा म्हणून आत टॉवेल कोंबला. जाळीच्या दाराची स्प्रिंग काढली.

"आता घर वाऱ्यावर सोडलंसच आहेस तर छप्परही काढ," नेड्रा म्हणाली. पण दार आपटायचं काम तिनं स्वतःकडे घेतलं.

अंगठीनं तो टण् काही केल्या निघेना. टिण् निघायचा. त्यानं चमचा मारून बघितला, पान्हा मारून बघितला, बसच्या ब्रेकचा जुना ड्रम आणला. बावीस वेळा वाजवून झालं. दुपारच्या जेवणाची वेळ टळून गेली तशी नेड्रा वैतागली आणि तिनं बटाट्याच्या भांड्यावर झाकण आदळलं.

"हाच!" वेंडेल ओरडला. "हाच तो!"

नेड्रानं झाकणाकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "म्हणजे पोझीकाका काय भांडं मांडीवर घेऊन बँजो वाजवायचे?"

"मला विचार करायला लावू नकोस, मला वेळ नाही," वेंडेल म्हणाला. आणि खरंच त्यानं विचार केला नाही.

राहिला कुत्रा. त्यांचा कुत्रा डीकन दिवसभर पोस्टमनवर, खारींवर, ढगांवर भुंकायचा. पण वेंडेलनं यंत्र सुरू करून खूण केली की तो शेपूट हलवत बघत बसायचा. शुक्रवारी त्याला मांसाचा तुकडा दाखवला, मांजर दाखवलं, वेंडेलनं स्वतः चार पायांवर येऊन दाखवलं. डीकननं त्याचं तोंड चाटलं.

"सत्यानाश," वेंडेल जमिनीवरूनच म्हणाला. "उद्या शनिवार. बाकी सगळं जमलं आणि एका कुत्र्यावाचून माझी अब्रू जाणार."

नेड्रानं एक मोठा उसासा टाकला. छत्तीस वर्षांच्या संसारात तिनं पुष्कळ केलं होतं. "यंत्र लाव," ती म्हणाली. "पण हे कुणाला सांगितलंस तर याद राख."

शनिवारी दुपारी सगळं एकदाचं जुळलं. खुर्ची कुरकुरली, बँजो वाजला, झाकण पडलं, नेड्रा दोनदा भुंकली, धावत जाऊन तिनं दार आपटलं. वेंडेलनं टेप ऐकली आणि त्याच्या अंगावर काटा आला. हुबेहूब. त्यानं कॅसेट हातात घट्ट धरूनच तिचे दात पाडले. आता लेबल तेवढं राहिलं होतं. डबीतून त्यानं ते काढलं. पिवळ्या पडलेल्या कागदावर ओपलमावशीच्या अक्षरात एकच शब्द होता, "बाबा."

वेंडेलनं ते कॅसेटवर धरून बघितलं. खुर्ची खोटी, कुत्रा खोटा, बँजो खोटा, तेवढं सगळं त्यानं केलं होतं. पण हे त्याच्यानं चिकटवेना. त्यानं लेबल पाकिटात ठेवून दिलं.

*

रविवारी चर्चच्या अंगणात झाडांखाली लांबच लांब टेबलं मांडली होती. ओपलमावशी मधोमध खुर्चीवर बसली होती, पुढ्यात सफरचंदाचा सात थरांचा केक, वरून काकवी ओघळत होती. लोक येत होते, गालांना ओठ लावत होते, शुभेच्छा देत होते. मावशी हसत होती, पण तिचा हात सारखा रुमाल चुरगाळत होता. वेंडेलचाही. दोघांची एकदा नजरानजर झाली आणि दोघांनीही घाईनं दुसरीकडे बघितलं.

ट्विलानं प्रस्तावना केली. विश्वासाचा माणूस, असं ती म्हणाली तेव्हा वेंडेल बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. मग तिनं बटण दाबलं.

खुर्ची कुरकुरली. सत्तर माणसं चिडीचूप झाली. बँजो सुरू झाला. थांबण्याची जागा आली तेव्हा सगळे बँजोवाले डोळे मिटून थांबले, टण्, आणि पंचवीस अंगठ्या आणि एक वायसर टेबलांवर वाजले. कुत्रा भुंकला. ग्रेडीनं डोळे पुसले.

"असला कुत्रा आता होणे नाही," तो म्हणाला. नेड्रा केकच्या थरांकडे अतिशय बारकाईनं बघायला लागली.

दार आपटलं, टेप संपली. टाळ्या पडल्या. ओपलमावशीचे डोळे मिटलेले होते. ते तिनं हळूच उघडले आणि बोटानं वेंडेलला जवळ बोलावलं. वेंडेल गेला. चार पावलांचं अंतर, पण त्याला ते घाटाएवढं वाटलं.

"खाली वाक," ती म्हणाली. तो वाकला. "वेंडेल, तो कुत्रा कोण?"

"कुठला कुत्रा, मावशी?"

"टेपमधला. आमच्या रेंजरला सर्दी नव्हती कधी."

पाच दिवस दाबून ठेवलेलं सगळं वेंडेलच्या ओठांशी आलं. "नेड्रा," तो म्हणाला.

मावशीनं रुमाल तोंडाला लावला. तिचे खांदे हलायला लागले. वेंडेलला वाटलं, संपलं, म्हातारीला रडवलं आपण. तो तिथंच गुडघ्यावर बसला आणि त्यानं सगळं सांगून टाकलं, लेबल, दात, फोन, खुर्च्या. "मावशी, मला जन्मात माफ करू नका. तुमच्या बापाचा जगातला शेवटचा आवाज मी पुसला."

रुमाल खाली आला. मावशी रडत नव्हती. तिला हसू आवरत नव्हतं.

"तरीच तिसऱ्या तारेवर बोट घसरत होतं," ती म्हणाली. "माझं नव्हतं घसरलं."

"तुमचं?"

"हळू बोल!" मावशीनं आजूबाजूला बघितलं. "बाबा त्या डब्याला घाबरले रे. म्हणाले, यात एकदा आवाज गेला की तो आपला राहत नाही. आठवडाभर बँजोला शिवले नाहीत. शनिवारी रेडिओवाला यंत्र न्यायला यायचा आणि टेप कोरी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्या विश्वासानं ठेवून गेला माणूस! बाबा सरपणाला गेलेले, चुलीवर बीन्स. म्हटलं, कोण ओळखतंय? बसले आणि वाजवलं. तर मध्येच भांडं उतू जायला लागलं. उठता येईना, म्हणून बसल्या बसल्या हात लांब करून झाकण उचललं..."

"टण्," वेंडेल म्हणाला.

"टण्. आणि त्यावर त्या ट्विलानं सगळ्या खोऱ्याच्या बोटात अंगठ्या घातल्या."

वेंडेल आणखी जवळ सरकला. "आणि पोझीकाका? त्यांनी ऐकली असेल की रेडिओवर."

"ऐकली ना. म्हणाले, कोण गं हा? बरा वाजवतो. पण मध्येच उगाच थांबतो." मावशी पुन्हा हसली. "मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. काही बोलले नाहीत. मीही नाही. लोक पाठ थोपटायचे, ते मान डोलवायचे. मी मात्र पन्नास वर्षं जीव मुठीत धरून काढली. रेडिओवर लागली की मी कोंबड्यांना दाणे टाकायला बाहेर. तू टेप न्यायला आलास तेव्हा तर वाटलं, आता हा काळजीवाहू माणूस शंभरदा ऐकणार आणि ओळखणार."

"मला काही कळलं नाही, मावशी."

"तेही दिसलंच."

पाच दिवसांत पहिल्यांदा वेंडेलला मोकळा श्वास आला. पण तो अर्धाच आत गेला आणि अडकला. "म्हणजे पोझीकाकांचा आवाज कधी नव्हताच कुठं?"

"होता की. माझ्या कानात आहे." मावशी आपल्या हातांकडे बघत होती. बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी झाली होती. "ते ऐकलेलं माणूस आता मी एकटीच. मी गेले की संपलं. रात्र रात्र त्याचंच येतं मनात." मग ती एकदम ताठ बसली आणि मोठ्यानं म्हणाली, "ग्रेडी, तुझा बँजो आण इकडे."

सगळ्यांनी माना वळवल्या. ओपलमावशीला बँजो वाजवताना गावात कुणी बघितलं नव्हतं. ग्रेडीनं बँजो आणून तिच्या मांडीवर ठेवला. ती दोन खुंट्या पिळून तारांचा सूर उतरवायला लागली.

वेंडेल धावला. टेपरेकॉर्डरपाशी जाऊन त्यानं स्पीकरची वायर उपटली, कॅसेट बाहेर काढली. आणि तो तिथंच थबकला. दात! कालच त्यानं दात पाडले होते, आणि या खेपेला अगदी नीट पाडले होते. दुसरी कॅसेट घरी, तिचेही दात पडलेले. भोकं बुजवली तरच रेकॉर्ड होणार, आणि त्याला चिकटपट्टी हवी. त्यानं खिसे चाचपले. किल्ल्या, रुमाल, पाकीट. पाकिटात लेबल.

लेबलाचा गोंद वाळून गेलेला. मागे मावशीनं पहिली तार छेडली. वेंडेलनं इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि सरळ वाढदिवसाच्या केकवरच्या काकवीत बोट बुडवलं.

"वेंडेल!" ट्विला किंचाळली. "त्या टेपला काय लावतोयस? ती ठेवा आहे ठेवा!"

"जपतोय," वेंडेल म्हणाला. "बाबा" लिहिलेलं लेबल दोन्ही भोकांवरून घट्ट बसलं. त्यानं कॅसेट आत सारली आणि दोन्ही बटणं दाबली. दोन्ही खाली गेली. आठवड्यात दुसऱ्यांदा तो ओपलमावशीची टेप पुसत होता, या खेपेला मुद्दाम.

मावशी वाजवत होती. सुरुवातीला बोटं अडखळली, मग त्यांना वाट सापडली. तीच धून, पण तुरुतुरु चाललेली, कुठंही न लंगडणारी. दुसऱ्या भागात ती जागा आली. सगळे बँजोवाले सवयीनं थांबले, पंचवीस अंगठ्या आणि एक वायसर टण् वाजले, आणि मावशी न थांबता केव्हाच पुढे निघून गेली. पुढच्या क्षणी दोन दिवसांच्या सवयीनं नेड्रा दोनदा भुंकली.

"नेड्रा, बरं नाही का तुला?" ग्रेडीनं विचारलं.

"ठसका लागला," नेड्रा म्हणाली आणि तिनं तोंडात केक कोंबला.

धून संपली. टाळ्या पडल्या, पण जरा जपून. लोक एकमेकांकडे बघत होते. ट्विला वही घेऊन पुढे आली, मावशीच्या खांद्यावर हात ठेवून शाळेतल्या प्रेमळ आवाजात म्हणाली, "छानच हं, मावशी. फक्त एक चुकलं तुमचं. दुसऱ्या भागात तुमचे वडील थांबायचे. 'लंगडी कोंबडी' आहे ना ती."

"असेल बाई," मावशी म्हणाली. "वय झालं. बाबा तिला आपले नुसती 'कोंबडी' म्हणायचे." मग बँजो ग्रेडीकडे परत देता देता तिनं वेंडेलकडे बघितलं. "झालं का रे तुझं?"

वेंडेलनं मान हलवली. त्यानं कॅसेट काढली आणि दोन्ही हातांत धरून तिच्याकडे आणली. मावशीनं लेबलावरून अंगठा फिरवला, अंगठ्याला लागलेली काकवी चाटली आणि कॅसेट त्याच्या हातात परत ठेवली.

"आता ग्रेडीचं ऐक, वाचनालयात ने हिला," ती म्हणाली. "आणि पुन्हा कुणाचे दात पाडायचे झाले, तर आधी बघून पाड."